दोन शिलिंगांचे विमान आणि अंजनवेलची जकात

वाशिष्ठी नदी चिपळूणच्या खालून वळसे घेत येते आणि दाभोळच्या खाडीच्या रूपाने जेथे अरबी समुद्रास मिळते, त्या मुखाच्या दक्षिण तीरावर अंजनवेल हे गाव आहे. आणि त्या गावाच्या वाट्यास पहिल्यापासून जे काम आले, ते दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या मालाकडे पाहत बसण्याचे. पैलतीरावरचे दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही अमदानीतले नामांकित बंदर. अरबस्तानचे घोडे तेथे उतरत, मक्केचे यात्रेकरू तेथून जहाजावर चढत, आणि १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी ते लुटून जाळले तेही त्याच्या श्रीमंतीपायीच. त्या श्रीमंतीच्या वाटेवर पहारा असावा म्हणून ऐलतीरावरच्या टेकाडावर किल्ला उठला. तो आदिलशहाकडून शिवाजीमहाराजांकडे, पुढे सिद्दीकडे, १७४४–४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांकडे, त्यांच्यानंतर पेशव्यांकडे आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. गोपाळगड हे त्याचे नाव आंग्र्यांच्या अमलातले. धनी बदलत गेले; खाडीत शिरणाऱ्या गलबताला थांबवून ‘आत काय आहे’ असे विचारण्याचा हक्क मात्र एकाही धन्याने सोडला नाही.

प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरील लेखात हे दफ्तर कशासाठी उघडले, असे वाचक विचारील, आणि त्याचे विचारणे रास्त आहे. कारण इतकेच की ज्या स्वस्त विमानांविषयी मला लिहायचे आहे, ती ज्या मुलांसाठी निर्माण झाली त्यांच्या दृष्टीने खरोखरच स्वस्त होती. तीच विमाने अंजनवेलच्या मुलांपर्यंत पोचेतो नवसाची होऊन बसत. वस्तूत तसूभरही फरक पडलेला नसे. तिचे स्वस्तपण तेवढे वाटेत कोणीतरी उतरवून घेतलेले असे, आणि ते कोणी घेतले, कोणत्या कायद्याने घेतले, हे कळण्याच्या वयाला आम्ही पोचलो तेव्हा विमानांचा नाद सुटून अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके हातात आली होती.

प्रथम त्या वस्तूचेच वर्णन करतो. पारदर्शक पॉलिथिनची एक पिशवी, तिच्या तोंडावर दुमडून टाचलेला चित्राचा कागद, आणि आत राखाडी, रुपेरी किंवा निळसर रंगाच्या पातळ प्लॅस्टिकच्या चौकटी. त्या चौकटींना बारीक दांड्यांनी लटकलेले पंख, शेपटी, चाके, कवडीएवढा वैमानिक, आणि मधोमध उभे चिरलेले धड. चित्राच्या कागदाच्या पाठीवर आकडे घातलेली आकृती असे. तिच्यात विमान जणू कोणी जागच्या जागी हवेत उलगडून ठेवले आहे, असा प्रत्येक भाग सुटा दाखवलेला असे, आणि कोणत्या आकड्यास कोणता आकडा जोडायचा हे बाणाने सांगितलेले असे. खाली इंग्रजी सूचना. पाचवीत इंग्रजीची मुळाक्षरे गिरवणाऱ्या आम्हा मराठी शाळेतल्या मुलांना ‘कॅट’ आणि ‘मॅट’ यांच्या पाठोपाठ जे शब्द आले ते ‘फ्यूजलाज’, ‘एलेरॉन’ आणि ‘अंडरकॅरेज’ हे होते, आणि शाळाखात्याच्या तपासनिसाला ही भर ठाऊक नव्हती हे शाळेचे भाग्यच म्हणायचे.

ही विमाने करणाऱ्या कंपन्यांत सर्वाधिक लोकप्रिय नाव एअरफिक्सचे. निकोलस कोव्ह नावाच्या एका हंगेरियन निर्वासिताने १९३९ साली लंडनमध्ये ती स्थापन केली, त्या वेळी विमानाचा तिच्याशी काडीमात्र संबंध नव्हता. ती हवा भरायची रबरी खेळणी करी, आणि व्यापाऱ्यांच्या यादीत नाव वरच्या बाजूला छापून यावे म्हणून ते ‘ए’ने सुरू होणारे निवडले, असे सांगतात. महायुद्धानंतर तिने दाबयंत्रावर केसांचे कंगवे काढले आणि ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या कंगवेवाल्यांत तिची गणना होऊ लागली. १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या कारखानदारांनी आपल्या विक्रेत्यांना दाखवण्यापुरता ट्रॅक्टरचा लहान नमुना तिच्याकडून करून घेतला. तो जोडून देणे कटकटीचे होते, म्हणून सुट्या भागांतच विकावा, जोडील तो जोडील, ही व्यापारी सोय निघाली, आणि त्या सोयीतून एका पिढीचा छंद जन्मास आला. १९५२ मध्ये फ्रान्सिस ड्रेकचे ‘गोल्डन हाइंड’ हे गलबत वूलवर्थच्या दुकानांत पिशवीतून दोन शिलिंगांना विकू लागले. विमाने त्याच्या मागून आली. येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. ड्रेक हा स्पॅनिश जहाजे लुटूनच मोठा झालेला दर्यावर्दी; त्याच्या जहाजाचे खेळणे करून इंग्रज ते आपल्या मुलांच्या हाती देतात, आणि आमच्या टेकाडावरच्या तुळाजी आंग्र्यांचे नाव त्यांच्या बखरींत चाच्यांच्या सदरात पडते. आंग्र्यांच्या गुराबेचे, म्हणजे लढाऊ गलबताचे, किट अद्याप कोणी काढल्याचे मी पाहिलेले नाही.

दोन शिलिंग म्हणजे किती? १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होईपर्यंत रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स असा बांधलेला होता. त्या हिशोबाने दोन शिलिंगांचा एक रुपया पाच आणे चार पै होतो, नव्या चलनात एक रुपया तेहेतीस पैसे. ही रक्कम आमच्या घरांना हलकी नव्हती, पण अशक्यही नव्हती. शिमग्याला आणि गणपतीत मुंबईहून येणारे चाकरमानी पोरांच्या हातावर जे ठेवत, त्यातून वर्षाकाठी एखादे विमान खुशाल निघाले असते. परंतु त्या भावात ते मिळावे कोठे? परदेशी खेळण्यांच्या आयातीला सर्रास परवाना नव्हता. परकीय चलनाची टंचाई होती, यंत्रे, खते आणि धान्य आणण्यास पैसा पुरत नव्हता, तेथे पोरांच्या विमानांसाठी पौंड खर्च करावेत असे कोणता सुज्ञ अधिकारी म्हणेल? त्या धोरणाला मी आज नावे ठेवीत नाही. त्यातला तर्क मला मान्य आहे. पण कायद्याने बंद केलेली वाट पाण्याप्रमाणे दुसरीकडून फुटते, हे कोकणच्या किनाऱ्याला कोणी शिकवायला नको.

ती दुसरी वाट आमच्याकडे खलाशांच्या पेटीतून येई. रत्नागिरी जिल्ह्याने विलायती बोटींना पिढ्यान् पिढ्या खलाशी, आगवाले आणि भंडारी पुरवले. आमचे धाकटे काका अशाच एका बोटीवर होते, आणि दीड-दोन वर्षांनी घरी येत तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत लक्स साबण, ब्लेडची पाकिटे, आईसाठी नायलॉनचे पातळ आणि तळाशी, कपड्यांच्या घडीत चपटे करून ठेवलेले, एखादे विमान असे. मुंबईहून आगबोट दाभोळला येई. ती खाडीबाहेर उभी राहिली की उतारू पडावात उतरत, आणि पडाव धक्क्याला लागेपर्यंत आमचे लक्ष माणसावर नसून पेटीवर असे. आजी हे ओळखून होती. “आधी पाया पड, मग पेटीकडे बघ,” असे ती दरडावी. काका विमान देताना किंमत कधी सांगत नसत. विचारले तर “आपल्याकडचा माणूस फुकट आणतो रे,” एवढेच म्हणत, आणि त्या उत्तरात माणसाची दीड वर्षाची गैरहजेरी कोणत्या सदरी मांडली आहे, हे आम्हाला उमगत नसे.

विकत घेण्याचे ठिकाण म्हणजे मुंबई. मे महिन्यात गिरगावात नातलगांकडे जाणे होई, आणि क्रॉफर्ड मार्केट, तेथून अब्दुल रहमान रस्त्यावरची खेळण्यांची दुकाने, आणि फोर्टातल्या पदपथांवर चादर अंथरून बसलेले विक्रेते अशी आमची परिक्रमा असे. चादरीवरच्या मालात विलायती पेन, लायटर आणि छत्र्या यांच्यामध्ये एखादी पिशवी डोकावे. भाव ठरलेला नसे. गिऱ्हाइकाच्या चड्डीच्या खिशाकडे पाहून तो सांगितला जाई, आणि मूळ किमतीच्या कित्येक पटींनी असे. घासाघीस करण्याची विद्या आईची. ती पिशवी हातात घेऊन उलटीपालटी करी, “यात तर सगळे तुटलेलेच आहे” असा शेरा मारी, आणि तिच्या दृष्टीने ते सत्यही होते. पिशवीत एखादा भाग कमी निघाला तर दाद मागायला जागा नव्हती, कारण चोरवाटेने आलेल्या मालाची पावती नसते. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती मुलखांत माणसांना काम निघाले, दाभोळ, वेलदूर, अंजनवेल या टापूतली घरटी माणसे तिकडे गेली, तेव्हा पेटीची जागा सूटकेसने घेतली आणि विमानांचा पुरवठा थोडा वाढला. त्याच सुमारास मॅचबॉक्स कंपनीची किटे निघाली होती. त्यांचे भाग दोन-तीन रंगांच्या प्लॅस्टिकमध्ये ओतलेले असत, आणि रंगाचा डबा जेथे मिळत नाही अशा गावी हा मोठाच उपकार होता.

रंगाचा आणि त्याहून चिकटवण्याचा प्रश्न, हे या छंदाचे अंजनवेली प्रकरण. सूचनेच्या कागदावर ‘पॉलिस्टायरीन सिमेंट’ असे लिहिलेले असे आणि सिमेंट म्हटले की गवंडी डोळ्यांपुढे येणाऱ्या गावात त्याचा उलगडा होणे कठीण. डिंक लावून पाहिला. वाळला की पापुद्रा सुटे. फेविकॉलने लाकूड जन्माचे बांधले जाते, पण या प्लॅस्टिकवर त्याचे काही चालत नाही. होडीच्या सांध्यांत भरतात ती राळ तापवून लावली तर पंखच वाकला. सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन धरी, परंतु त्याचे पिवळे लोळे बाहेर येऊन लढाऊ विमानाला खरूज झाल्यासारखे दिसे. अरल्डाइट हा श्रीमंतांचा उपाय. त्याच्या दोन नळ्या सम प्रमाणात कालवायच्या आणि रात्रभर वाट पाहायची. गंमत अशी की त्या काळी दातांच्या बिनाका पेस्टच्या खोक्यात जी चिमुकली प्लॅस्टिकची जनावरे मिळत, ती पेस्ट आणि हे अरल्डाइट एकाच सिबा कंपनीच्या घरचे. म्हणजे आमच्या खेळण्यांचा फुकट भाग आणि महाग भाग दोन्ही एकाच धन्याकडून येत होते.

शेवटी मार्ग दाखवला तो चिपळूणच्या एका मोटार रंगाऱ्याने. त्याने सांगितले, हे प्लॅस्टिक चिकटत नाही, विरघळते. थिनरचा हात दोन्ही कडांवर फिरवला की कडा मऊ होतात, दाबून धरल्या की एकमेकींत मिसळतात, आणि थिनर उडून गेला की सांधा उरतच नाही. ज्या चौकटीतून विमान काढले तिचेच तुकडे इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत थिनरबरोबर घालून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी मधासारखा दाट रस होतो, तो काडीने लावायचा. विलायतेहून येणारे ‘सिमेंट’ तत्त्वतः हेच होते. त्या बाटलीच्या वासाने घरात डोके दुखे, म्हणून आमचा कारखाना गोठ्याच्या पडवीत हलवण्यात आला. तेथे गुरांनी कधी तक्रार केली नाही. रंग वेलदूरच्या होड्यांचा. मासेमारीच्या होड्या पावसाळ्यानंतर रंगवल्या जातात, आणि डब्याच्या बुडाशी जो ऑइलपेंट राहतो तो मागून आणलेला. तो समुद्राला पुरून उरण्यासाठी केलेला असल्यामुळे इतका जाड बसे की एअरफिक्सच्या कारागिरांनी पंखावर कष्टाने उठवलेले रिव्हेटांचे दाणे एका हातातच गडप होत. आमच्या विमानांत निळी आणि लाल फार, याचे कारण हवाई दलाचे धोरण नसून कोळ्यांची आवड हे होय.

प्रमाण एकास बहात्तर. हे प्रमाण इंग्रजी मापपद्धतीतून निघाले आहे: सहा फुटांचा माणूस त्यात बरोबर एक इंचाचा होतो. फ्रॉग नावाच्या इंग्रज कंपनीने १९३६ साली या प्रमाणात प्लॅस्टिकची विमाने आणली आणि पुढे साऱ्यांनी तेच उचलले. मीटर-सेंटिमीटर शाळेत शिकणाऱ्या आम्हाला फूट आणि इंच या विमानांनी शिकवले. चोवीस फूट पंखांचे विमान चार इंचांचे. एअरफिक्सचे नॅट एवढेच होते. नॅट म्हणजे १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांशी झुंजून कीर्ती पावलेले आपले चिमुकले लढाऊ विमान, आणि ते हाती आले तेव्हाचा हर्ष सांगता येण्यासारखा नाही. प्रत्यक्षात एअरफिक्सचा नमुना इंग्रजांच्या शिकाऊ वैमानिकांच्या दोन बैठकांच्या नॅटचा होता. आपल्या हवाई दलाचे एका बैठकीचे, आणि त्याचे पंखही थोडे आखूड. मागच्या बैठकीत आम्ही कोणालाच बसवले नाही आणि प्रश्न मिटवला. चिन्हांचेही असेच. पाण्यात भिजवून सरकवायचे जे छाप येत त्यांत तांबडा, पांढरा, निळा असे इंग्रजी वर्तुळ. त्यातला तांबडा ठिपका केशरी आणि निळे कडे हिरवे केले की विमान आपल्या मुलखाचे. हंटर, कॅनबेरा, मिग-२१ ही सर्व आपल्याकडे खरोखरच उडणारी विमाने एअरफिक्सच्या यादीत होती, आणि ‘विक्रांत’वरून उडणारे सी हॉकसुद्धा. एकाहत्तरच्या डिसेंबरात ‘विक्रांत’च्या सी हॉकांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, तेव्हा त्या विमानाचे नाव रेडिओवरून घराघरांत पोचले. मला ते कधी मिळाले नाही.

आम्ही पडवीत जे करीत होतो तेच त्या काळी देशही करीत होता, ही गोष्ट पुष्कळ उशिरा ध्यानात आली. १९५६ च्या करारान्वये नॅटची काही विमाने तयार, काही सुट्या भागांच्या रूपात इंग्लंडहून आली आणि बंगळूरच्या हिंदुस्तान कंपनीत जोडली गेली. मग भाग इथेच घडू लागले. मिग-२१ चे तसेच. १९६४ साली नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. पहिली विमाने सोव्हिएत देशातून आलेल्या सुट्या भागांची जुळणी करून उभी राहिली, आणि क्रमाक्रमाने कच्च्या मालापासून विमान घडवण्यापर्यंत मजल गेली. जोडणे ही एक पायरी आणि घडवणे ही त्यापुढची, मधले अंतर साच्याचे. खेळण्यांच्या बाबतीत हे अंतर आपण ओलांडले नाही, याचे कारण कसबाचा अभाव नव्हे. पॉलिस्टायरीन मुंबईत १९५७ पासून तयार होत होते, दाबयंत्रे होती, कंगवे आणि साबणाच्या डब्या ढिगांनी निघत होत्या. परंतु पोलादाचा साचा कोरणे अतिशय खर्चाचे, आणि तो खर्च लक्षावधी पिशव्या खपल्या तरच फिटतो. दोन शिलिंगांचे स्वस्तपण हे त्या लक्षावधींचे स्वस्तपण होते. आपल्याकडे तितकी गिऱ्हाइके कोणाच्या अंदाजात बसली नसावीत.

साचा मात्र चिरंजीव असतो, आणि धनी बदलण्याच्या बाबतीत किल्ल्यांशी त्याचे चांगले जुळते. फ्रॉग बंद पडली तेव्हा तिचे बहुतेक साचे सोव्हिएत रशियात गेले आणि तीच इंग्रजी विमाने ‘नोव्हो’ या नावाने निघू लागली. जर्मन आणि जपानी विमानांचे साचे रशियाला नको होते, ते रेव्हेल कंपनीकडे गेले. रशियन पुस्तके त्या काळी आमच्या हाती नाममात्र किमतीत पडत. लोकवाङ्मय गृहाच्या विक्रीतून पेरेलमानचे पदार्थविज्ञानाचे पुस्तक कोकणच्या शाळांपर्यंत पोचले. एका मित्रराष्ट्राची विद्या सवलतीत मिळते आणि त्याचे खेळणे मिळत नाही, ही वाटणी कोणत्या खात्याने केली असेल, याचे मला कुतूहल आहे. एअरफिक्स १९८१ मध्ये बुडाली; साचे फ्रान्सला गेले, मालकी अमेरिकनांकडे, मग हंब्रोल या रंगवाल्या कंपनीकडे आणि २००६ मध्ये हॉर्नबी कंपनीकडे आली. आणि नंतर जे घडले ते आमच्या धाकट्या काकांना सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता: हॉर्नबीने एअरफिक्सच्या किटांचे काम भारतात दिले. गेल्या दशकातल्या कित्येक खोक्यांवर ‘भारतात तयार केलेले’ असे छापलेले आहे. स्पिटफायर येथे ओतले जाते, जहाजाने इंग्लंडला जाते, आणि तेथल्या दुकानातून ज्याला हवे तो मागवून घेतो.

अंजनवेललाही दरम्यान जोडणीचे मोठे काम आले. किल्ल्याच्या शेजारच्या पठारावर एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाची उभारणी झाली. १९९३ चा करार, १९९५ मध्ये तो रद्द, पुन्हा वाटाघाटी, मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज आणि २००१ मध्ये सारे ठप्प, हा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. परदेशी यंत्रे आली, परदेशी अभियंते आले, आणि ज्या माळावर आम्ही करवंदे वेचली तेथे हेलिकॉप्टर उतरताना गावाने पाहिले. त्यानंतर २००५ मध्ये तो बंद प्रकल्प चालवण्यासाठी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी झाली. आज बुरुजावरून एकीकडे धुराडी आणि दुसरीकडे टाळकेश्वरचे दीपगृह दिसते. गावातल्या आजच्या पोरांना विमानाचे अप्रूप नाही. त्यांतली काही बसूनही आली आहेत.

परवान्यांचे राज्य खेळण्यांपुरते १ एप्रिल २००१ पर्यंत संपले. आयातीवरची उरलेली संख्येची बंधने त्या दिवशी उठली आणि चिनी मालाचा पूर आला. त्यावर उपाय म्हणून खेळण्यांवरची जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आली, आणि २०२१ पासून खेळण्यांना मानक संस्थेचे चिन्ह सक्तीचे झाले. जकातीच्या कोष्टकात लहान प्रमाणावरचे जोडणीचे नमुने खेळण्यांच्याच सदरात बसतात. पुण्याचा माझा एक पुतण्या, वय अडतीस, जपानहून मिग-२१ मागवतो. ते हवाई दलाच्या सेवेतून २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाले, त्या निमित्ताने त्याला ते आपल्या रंगांत करायचे होते. त्याने मला हिशोब दाखवला: मूळ किंमत, टपाल, जकात, जकातीवरचा अधिभार आणि त्या सर्वांवर पुन्हा कर. मी त्याला एक रुपया पाच आणे चार पैची गोष्ट सांगितली. “काका, तेव्हा तरी पावती नव्हती,” तो म्हणाला.

सी हॉकचे ते जुने किट कोणा वाचकाच्या माळ्यावर, काकांच्या पेटीत वगैरे पडून असल्यास संपादकांमार्फत कळवावे. एखादा भाग कमी असला तरी चालेल. किंमत मी घासाघीस न करता देईन. जकात लागलीच तर ती आपण निम्मी निम्मी भरू.